सहा वाजेपर्यंतचे ओबडाया फेन

कॅन्सासातली सगळी घरं सोडून लेथाने नेमकं केटुराबाई विक्स यांचंच दार ठोठावलं, यात तिचा काही दोष नव्हता. पहाटे कॉफीसाठी पाणी आणते म्हणून ती छावणीतून बादली घेऊन निघाली, ओढ्यापाशी बादली पालथी ठेवली आणि पाण्यातूनच वरच्या अंगाला चालत राहिली. अर्ध्या तासाने टेकाडावर धूर दिसला. धुराखाली ओंडक्यांचं घर होतं, घरात एक उंच, हाडकुळी विधवा होती, आणि तिने एक शब्द न विचारता लेथाला आत ओढून पुढ्यात मक्याची भाकरी आणि गरम दूध ठेवलं. लेथाला वाटलं, चला, आपलं नशीब फळफळलं. भाकरीचा शेवटचा घास तोंडात असताना केटुराबाई म्हणाल्या, आज जरा गर्दी होईल हं, या भागाचं मतदान आमच्याच घरात ठेवलंय.

"किती गर्दी?" लेथाने विचारलं.

"मत देणारे तसे त्रेपन्नच आहेत. पण नदीपलीकडून पाहुणे येणार असं ऐकते."

पाहुण्यांची माहिती लेथाला केटुराबाईंपेक्षा जास्त होती. काल रात्रीपर्यंत त्यातल्या चाळीस जणांना तीच रांधून वाढत होती.

भानगड अशी होती. कॅन्सासचा नवा मुलूख वसायला निघाला, तेव्हा तिथे माणसं विकत घ्यायची मुभा असावी की नसावी यावरून वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांची अशी जुंपली, की शेवटी त्यांनी हात झटकले आणि सांगितलं, तिथे जे राहतील त्यांनीच मत देऊन काय ते ठरवावं. राहणारा कोणाला म्हणायचं, हे सांगायचं मात्र राहून गेलं. पलीकडच्या मिसुरीतल्या मंडळींच्या घरी गुलाम होते आणि शेजारी बिनगुलामांचा मुलूख त्यांना नको होता. त्यांनी आपल्या सोयीचा अर्थ लावला: मतदानाच्या दिवशी जो तिथे उभा असेल तो तिथला. मग गाड्या जुंपल्या गेल्या. खारवलेलं डुकराचं मांस, व्हिस्कीची पिंपं, दोन तोफा, फिडल वाजवणारे तिघे आणि रांधायला लेथा, असा लवाजमा घेऊन मंडळी लोकांचं राज्य आणायला निघाली. पुढे सहा वर्षांनी याच भांडणापायी अख्खा देश एकमेकांवर तोफा डागत होता. त्या दिवशी मात्र सगळ्यांना ती जत्राच वाटत होती.

लेथाचे मालक अॅन्सेल टार्प्ली हे मिसुरीच्या क्ले काउंटीतले तंबाखूवाले. माणूस तसा फार दुष्ट नव्हता असं त्यांच्याबद्दल म्हणायची पद्धत होती, आणि असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी कधी त्यांच्या घरी गुलाम म्हणून राहिलेलं नव्हतं. नदी ओलांडताना होडीत बसल्या बसल्या त्यांनी सोबत्यांना सांगितलं होतं, की मतदान उरकलं की ही स्वयंपाकीण टेक्सासला पुतण्याकडे धाडतो, तो बदल्यात एक चांगली घोडी देतोय. लेथा तेव्हा त्यांच्याच कपात कॉफी ओतत होती. तिने थेंबही सांडला नाही. टेक्सासला गेलेलं माणूस परत आलेलं तिने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून त्याच क्षणी तिने ठरवून टाकलं होतं.

केटुराबाईंनी तिला शिडीने माळ्यावर चढवलं. माळा कसला, छपराखाली चार फळ्या टाकलेल्या. तिथे बियाण्याचा मका आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या माळा. कडेला निजलं तर छप्पर नाकाला लागायचं, मधोमध जेमतेम बसता यायचं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून केटुराबाईंनी, आता सांगून टाकलेलं बरं अशा सुरात, आणखी एक गोष्ट सांगितली.

"हे बघ बाई, मी खोटं बोलत नाही. आमच्या व्हरमाँटच्या चर्चमध्ये खून केलेल्याला एखादे वेळी माफी मिळेल, खोटं बोलणाऱ्याला नाही. वर कोण आहे असं कुणी सरळ विचारलं, तर मला सांगावं लागेल."

"सरळ नाही विचारलं तर?"

"तर मग मी कशाला बोलू?" असं म्हणून त्या खाली उतरल्या आणि शिडीशेजारी मोजे विणत बसल्या.

लेथाने कपाळाला हात लावला. आजवर तिची गाठ खोटारड्यांशीच पडली होती आणि त्यांच्याशी कसं वागायचं हे तिला अंगवळणी पडलं होतं. इतक्या खऱ्या माणसाचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आता खाली येणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकालाही एक साधा प्रश्न सुचू नये, एवढ्यावर तिचा जीव टांगलेला होता.

आठ वाजता मतदान सुरू झालं. फळ्यांच्या फटीतून तिला खालचं टेबल दिसत होतं: एक म्हातारे पंच, ज्यांना आदल्या दिवशी पिस्तूल दाखवून नि:पक्षपातीपणाचं महत्त्व पटवून दिलेलं होतं, आणि सर्दी झालेला एक किडकिडीत कारकून. हा कारकून गव्हर्नरसाहेबांनी मुद्दाम पाठवला होता. मतदार बाहेरचा आहे असं कोणी त्याच्यासमोर कबूल केलं आणि ते कागदावर चढलं, तर या भागाची सबंध निवडणूक रद्द होणार होती. म्हणून कर्नल स्टेगल सकाळपासून त्याच्या खुर्चीमागे उभे होते आणि त्याला दर अर्ध्या तासाने नाक पुसायला स्वतःचा रुमाल देत होते. कर्नलसाहेब गुलामीवाल्यांचे उमेदवार. त्यांचं खरं घर मिसुरीत, पण कॅन्सासातही एका माळावर त्यांनी चार ओंडके चौकोनी मांडून ठेवले होते आणि सभेत त्यांना ते माझं घर म्हणायचे.

माणसं खिडकीशी येत, शपथ घेत आणि चिठ्ठी टाकत. प्रत्येकाच्या बटणात वाखाचा झुपका, म्हणजे आपला माणूस आपल्याला ओळखू यावा. पंचांनी एकाला विचारलं, इथे कधीपासून राहता, तर तो म्हणाला, न्याहारीपासून. दुसऱ्याने किती दिवस राहणार याचं उत्तर व्हिस्की संपेपर्यंत असं दिलं, आणि कर्नलसाहेबांनी घाईने सांगितलं की दोन्ही गृहस्थ विनोदी आहेत. तिसऱ्याने शपथेवर जे नाव सांगितलं ते टार्प्लींच्या खेचराचं होतं. लेथाने त्या खेचराला पाच वर्षं पाणी पाजलं होतं. अशा प्रसंगातही तिला हसू आवरेना, तेव्हा तिने भोपळ्याची एक चकती तोंडात कोंबली.

दुपारपर्यंत खिडकीबाहेर अशी रेटारेटी झाली, की मत दिलेल्याला मागे फिरायलाच वाट उरली नाही. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की मत देऊन झालं की माणसाला उचलून छपरावर चढवायचं. तिथून तो पलीकडच्या बाजूला उतरेल. युक्ती नामी होती. फक्त छपरावरून गर्दीची गंमत इतकी छान दिसायची, की चढलेला माणूस उतरायचं नावच घेईना. दहा झाले, वीस झाले, फिडलवाल्यांपैकी एकजण वर गेला आणि नाच सुरू झाला. प्रत्येक ठेक्याला लेथाच्या तोंडावर धूळ पडत होती. खाली केटुराबाई विणता विणता पुटपुटत होत्या, की ते छप्पर त्यांच्या नवऱ्याने मरायच्या आदल्या महिन्यात घातलंय, आणि तो काही फार चांगला सुतार नव्हता.

टार्प्ली सकाळपासून उपाशी होते. स्वयंपाकीण दुसऱ्या कुठल्या तरी छावणीत गप्पा छाटत बसली असेल, अशा समजुतीने ते चरफडत फिरत होते. एकदा त्यांनी जोसाया क्रम या नावाने मत दिलं. जेवणाची सोय होईना म्हणून, किंवा करमेना म्हणून, शेजाऱ्याची टोपी घालून ते पुन्हा रांगेत उभे राहिले, आणि साडेतीन वाजता वेकरुसा ओढ्यावरचा अविवाहित शेतकरी ओबडाया फेन म्हणून त्यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. लोकांनी त्यांना उचललं. टार्प्ली अंगाने भरलेले. छपरावर दोन पावलं टाकली आणि तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत आत गेले.

लेथाच्या छातीपासून वीतभर अंतरावर एक बूट लोंबकळू लागला.

तो तिने लगेच ओळखला. दर शनिवारी ती त्याला चरबी लावत होती. वरून टार्प्ली ओरडत होते, माणसं त्यांना काखेत धरून ओढत होती, पण टाच वाशात अडकली होती. कोणीतरी म्हणालं, अरे, एकाने आतून माळ्यावर जा आणि पाय वर ढकला. शिडीवर पहिलं पाऊल वाजलेलं तिने ऐकलं. पुढे जे झालं ते तिने ठरवून केलं नाही, तिच्या हातांनी केलं. पंचवीस वर्षं रोज रात्री केलं होतं तसं: डावा हात टाचेखाली, उजवा चवड्यावर, किंचित पिळा आणि एक झटका. बूट तिच्या हातात आला, पाय सुळकन वर निघून गेला आणि शिडीवरचा माणूस, काम झालं म्हणून, खाली उतरला.

छपरावर मोठा जल्लोष झाला. त्यात टार्प्ली मात्र सामील झाले नाहीत. ते एका बुटावर उभे राहून विचार करत होते. असा पिळा देऊन बूट काढणारं जगात एकच माणूस होतं.

पाच मिनिटांत ते दारातून आत आले. तिच्या मनात आलं, काय गं बाई हे हात, इतकी वर्षं त्यांना पोसलं आणि ऐन वेळी त्यांनी घात केला. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली टार्प्ली केटुराबाईंसमोर उभे राहिले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. अगदी सरळ.

"बाई, तुमच्या माळ्यावर माझी स्वयंपाकीण लपली आहे का? लेथा नावाची?"

केटुराबाईंच्या सुया थांबल्या. लेथाला वरून त्यांच्या टोपीचं टोक तेवढं दिसत होतं, आणि ते हललं.

"उत्तर देईन," केटुराबाई म्हणाल्या. "खरंच देईन. पण अनोळखी पुरुषाशी मी बोलत नाही. आधी आपलं नाव काय, गाव कोणतं, ते सांगा."

"मी..." टार्प्लींनी तोंड उघडलं.

कारकुनाने लेखणी दौतीत बुडवली, कागद सरळ केला आणि मान वर करून वाट बघत बसला.

त्याच क्षणी कर्नल स्टेगल पुढे आले आणि त्यांनी आपल्या जड बुटाचा सगळा भार टार्प्लींच्या बिनबुटाच्या पावलावर ठेवला. वर तोंडभरून हसत त्यांनी टार्प्लींच्या खांद्यावर हात टाकला, त्यांना शिडीखाली कोपऱ्यात नेलं, आणि तिथे जे कुजबुजले ते लेथाला शब्दन् शब्द ऐकू आलं.

"फेन, तू आत्ता शपथ घेतलीस. तू इथला आहेस. क्ले काउंटीत तुझं काही नाही. तंबाखू नाही, घर नाही, स्वयंपाकीण नाही."

"मग माझं आहे काय?"

"सहा वाजेपर्यंत काहीच नाही. सहाला मतदान बंद होईल, हा शेंबडा कारकून कागद गुंडाळून घोड्यावर बसेल, मग तू हवा तो हो. सहाच्या आत तू टार्प्ली झालास तर माझी निवडणूक गेली, आणि मग तुझी स्वयंपाकीण राहू दे, तुलाच टेक्सासला धाडीन."

टार्प्लींना हे पटलं नाही, पण समजलं. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, शिडीच्या पायथ्याशी एक ओंडका ओढला आणि वाट अडवून बसले. चारला दहा कमी होते. केटुराबाई शेजारी पुन्हा विणायला लागल्या. दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिले.

लेथा माळ्यावर पडून हिशेब करत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला ते शिकवणं मिसुरीत गुन्हा होता. पण टार्प्लींच्या जेवणाच्या टेबलावर तिने वीस वर्षं वकिलांना वाढलं होतं, आणि वकील खाताना फार बोलतात. सहा वाजता मालक नाव सांगणार. नाव सांगितलं की या बाई खरं उत्तर देणार, देवाला साक्षी ठेवून. म्हणजे सहानंतर काही खरं नाही. पण सहाच्या आत? सहाच्या आत खाली बसलेला माणूस कोण होता? वेकरुसा ओढ्यावरचा ओबडाया फेन. त्या फेनने लेथाला हात लावला, तर का लावला हे त्याला त्या कारकुनासमोर सांगावं लागणार होतं.

विचार पक्का होता. पाय मात्र उठेनात. माळ्यावर निदान अंधार होता, आणि चाळीस वर्षं अंधारानेच तिला सांभाळलं होतं. दिवसाढवळ्या, मिसुरीच्या सातशे माणसांमधून, मालकाच्या गुडघ्यावरून ओलांडून जायचं म्हणजे वेडेपणाच. तिने बूट मक्याच्या पोत्यामागे सारला, डोक्याचं फडकं घट्ट बांधलं आणि शिडीवर पाय ठेवला.

टार्प्लींनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा आधी खुलला आणि मग लाल झाला. ते अगदी हळू बोलले, लहान मुलाला समजवावं तसं.

"लेथा, मुकाट्यानं वर जा. सहा वाजू देत."

लेथा खालून दुसऱ्या पायरीवर थांबली. मग ती टेबलापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणाली, "जरा सरकता का, साहेब? मला जायचंय."

"साहेब? अगं, मी..."

कर्नलसाहेब खोकले.

"आपली ओळख नाही," लेथा म्हणाली.

कारकुनाने मान वर केली. त्याच्या कामात स्वयंपाकिणी बसत नव्हत्या, पण दिवसभर तो खोटी नावं लिहून कंटाळला होता आणि शिडीखाली काहीतरी निराळं चाललंय एवढं त्याला कळलं. त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "काय हो, आपलं नाव?"

टार्प्लींनी कर्नलकडे पाहिलं. कर्नल खिडकीबाहेर बघत होते.

"ओबडाया फेन," टार्प्ली म्हणाले.

"ही बाई आपली कोण?"

छपरावर अजून फिडल वाजत होतं. लेथा टार्प्लींच्या तोंडाकडे बघत राहिली. या तोंडाने तिची आई विकली होती, तिला दिवसातून पन्नास वेळा हाक मारली होती, होडीत बसून तिची घोडीशी अदलाबदल केली होती. ते तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"कुणी नाही," ते म्हणाले.

कारकुनाने ते लिहून घेतलं. टार्प्लींनी गुडघे बाजूला घेतले. लेथाला वाटलं होतं, असं काही कधी ऐकायला मिळालं तर आपण रडू, नाहीतर हसू. तसलं काहीच झालं नाही. उलट तिला त्या माणसाची भयंकर चीड आली, की इतकं सोपं होतं हे, दोन शब्दांचं काम, आणि यासाठी माझा अर्धा जन्म गेला.

ती दाराकडे वळली. केटुराबाईंनी मान वर न करता आणि कोणी विचारलेलं नसताना, लोकरीशी बोलल्यासारखं म्हटलं, की ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन मैलांवर क्वेकर लोकांचं, म्हणजे गुलामी पाप मानणाऱ्या पंथाचं, घर आहे, ते आज रात्री उत्तरेला गाडी नेतात, आणि ते तर मत द्यायलासुद्धा आलेले नाहीत. मग त्यांनी एक टाका उसवला.

बाहेर गर्दी होती. वाखाच्या झुपक्यांची, दारूच्या वासाची, खांद्यावर बंदुका टाकलेली. लेथाने दाराशी पडलेली रिकामी किटली उचलली, कारण हातात भांडं असलेल्या बाईला कोणी विचारत नाही हे तिला ठाऊक होतं. लोकांनी वाट दिली. एकाने, कॉफी आणतेस ना गं, असं विचारलं, आणि ती म्हणाली, बघते. पाठीत टार्प्लींची नजर रुतलेली तिला जाणवत होती. ते दारात येऊन उभे होते, एका पायात बूट आणि हातात घड्याळ घेऊन. चारला चार मिनिटं कमी होती.

ती घाई न करता चालत गेली. गाड्यांजवळून, दोन्ही तोफांजवळून, त्या खेचराजवळून, ज्याने सकाळी मत दिलं होतं. उतार संपला, झुडपं लागली आणि मागचं फिडल ऐकू येईनासं झालं. तिथे तिने किटली गवतात ठेवली, झगा गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि जीव खाऊन धावत सुटली.